फाटकाबाहेरची सोसायटी

महाराष्ट्रात सहकार म्हटले की डोळ्यांसमोर साखर कारखाना येतो, जिल्हा बँक येते, दूधसंघ येतो. राज्यात नोंदलेल्या सहकारी संस्थांमध्ये सर्वांत मोठी संख्या मात्र गृहनिर्माण संस्थांची आहे, एक लाखाहून अधिक. आपण जिला नुसते ‘सोसायटी’ म्हणतो ती या राज्यातल्या सहकाराची सर्वांत पसरलेली जात आहे, आणि सर्वांत एकटीही. कारखान्यामागे राज्य पातळीवरचा संघ उभा असतो. गावच्या विकास सोसायटीला जिल्हा बँक असते. बावीस फ्लॅटच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला कोण असते? रात्री साडेदहाला लिफ्ट अडकल्याचा फोन त्यालाच येतो. उपनिबंधक कार्यालयातून नोटीस आली की तिचा अर्थ त्यानेच लावायचा. टाकीतल्या पाण्याला वास येतो म्हणून तळमजल्यावरच्या काकू त्यालाच अडवतात. मानधन नाही, प्रशिक्षण नाही, आणि वार्षिक सभेत जो कधीच कमिटीत यायला तयार नसतो त्याचेच सर्वांत लांब भाषण ऐकून घ्यायचे.

हे पुस्तक त्या सेक्रेटरीसाठी लिहिले आहे. शेजारच्या इमारतीत अगदी त्याच्यासारखाच आणखी एक सेक्रेटरी त्याच नोटिशीचा अर्थ लावत बसला आहे, ही गोष्ट त्याच्या कानावर घालण्यासाठी.

एकट्या सोसायटीला एकट्याने जमत नाही, हे आपल्याकडे पहिल्यापासून कळलेले होते. मुंबईतल्या गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ मध्ये नोंदली गेली. भारतातली, किंबहुना आशियातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून तिचे नाव घेतले जाते. तिच्या उभारणीमागे रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी होते. त्यांच्या नावाची तालमकीवाडी ताडदेवला आजही आहे. पण गंमत अशी की सहकारी घरबांधणीचा प्रचार करण्यासाठी मुंबईत जी मंडळी एकत्र आली, त्यांची को-ऑपरेटिव्ह हाउसिंग असोसिएशन त्याही आधीची, १९१३ ची. म्हणजे इमारती उभ्या राहण्यापूर्वी इमारतींना मदत करणारी संघटना उभी राहिली होती. नियमावली कशी असावी, कर्ज कुठून मिळवावे, जमीन कशी घ्यावी, हे प्रत्येकाने नव्याने शोधून काढू नये, एवढे त्या पिढीला उघड दिसत होते. आपण शंभर वर्षांत उलट्या दिशेने चालत आलो. आज रस्त्याच्या एका बाजूला दहा सोसायट्या असतात, दहा फाटके असतात, दहा वॉचमन असतात, आणि कोणाला कोणाच्या चेअरमनचे नाव माहीत नसते.

यावर कोणी म्हणेल की जिल्हा हाउसिंग फेडरेशन आहेत की. आहेत, आणि त्यांचे काम मोलाचे आहे. आदर्श उपविधींच्या प्रती, नमुना अर्ज, पदाधिकाऱ्यांचे वर्ग, कायद्याचा सल्ला हे तिथे मिळते. पण जिल्हा मोठा असतो. मुंबई किंवा पुण्याच्या फेडरेशनला तुमच्या गल्लीतला तुंबलेला नाला दिसणार नाही, आणि दिसावा अशी अपेक्षाही नाही. आपल्याला इथे बोलायचे आहे ते दहा-पंधरा ते शंभरेक सोसायट्यांच्या, चालत जाता येईल एवढ्या अंतरातल्या एकजुटीबद्दल.

तिची कायदेशीर रूपे वेगवेगळी असतात. एक रूप सक्तीचे आहे. मोठ्या संकुलात अनेक इमारती आणि अनेक सोसायट्या असतील तर शेवटच्या इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून तीन महिन्यांत शिखर संस्था स्थापन करण्याची जबाबदारी महाराष्ट्राच्या २०१७ च्या रेरा नियमांनी विकासकावर टाकली आहे. क्लब हाउस, अंतर्गत रस्ते, सांडपाणी शुद्धीकरणाचा प्रकल्प या सामाईक गोष्टी तिच्याकडे येतात. दुसरे रूप सहकार कायद्यातल्या संघीय संस्थेचे. १९६० च्या कायद्यातल्या व्याख्येनुसार तिच्या सभासदांपैकी किमान पाच सभासद संस्था असाव्या लागतात, आणि एकूण मतांतली चार पंचमांश मते संस्थांच्या हाती राहावी लागतात. तिसरे रूप ट्रस्टचे. चौथे म्हणजे नोंदणी नसलेले, एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि एका शाळेच्या वर्गात महिन्यातून एकदा भरणारे. माझे मत विचाराल तर सुरुवात चौथ्यापासून करावी. नोंदणीच्या फायली फिरवण्यातच ज्यांचा पहिला उत्साह संपला अशा संघटना मी पाहिल्या आहेत. त्यांच्याकडे लेटरहेड होते, बैठका नव्हत्या.

अशा अनौपचारिक सुरुवातीचे एक उदाहरण घ्या. मुंबईत १९९७ च्या सुमारास घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये रहिवाशांनी कचऱ्यापासून सुरुवात केली. महापालिकेने ती पद्धत उचलून धरली आणि ‘एएलएम’ या नावाने ती शहरभर पसरली. एका गल्लीतल्या इमारती एकत्र येतात, ओला-सुका कचरा वेगळा करतात, आणि वॉर्ड ऑफिसात त्या गल्लीच्या वतीने एक ओळखीचा माणूस जातो. पुढे बऱ्याच एएलएम थंडावल्या, काही फक्त फलकावर उरल्या. पण जिथे त्या टिकल्या तिथे साहाय्यक आयुक्त बदलला तरी रहिवाशांची फाइल बदलत नव्हती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. २०२२ पासून राज्यातल्या अनेक महापालिकांत दीर्घकाळ निवडून आलेले नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकांकडे होता. ज्या भागांत सोसायट्यांची एकजूट होती, तिथे निदान दार ठोठावायला कोणी होते.

आता मदतीबद्दल. एकजुटीचा पहिला फायदा मोर्चात नसतो, वहीत असतो. लिफ्टच्या देखभालीच्या वार्षिक करारापासून सुरू करा. त्याच बनावटीची, तेवढ्याच मजल्यांची लिफ्ट, शेजारशेजारच्या दोन इमारती, आणि करारातला फरक पाहून खजिनदाराने कपाळाला हात लावावा, असे अनुभव जवळपास प्रत्येक गल्लीत आहेत. दर लपलेला असतो तोवरच तो वाढवता येतो. दहा सोसायट्यांनी आपापले दर एका कागदावर मांडले की पुढच्या वर्षीची बोलणी निम्मी होऊन जातात. अग्निसुरक्षेच्या कायद्यानुसार परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये ‘फॉर्म बी’ द्यावा लागतो. तोच तंत्रज्ञ एका दिवसात एका रस्त्यावरच्या सहा इमारती तपासणार असेल, तर त्याचा दर वेगळा असतो. टाकीसफाई, पेस्ट कंट्रोल, पंपाची दुरुस्ती, तीस वर्षांपुढच्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट, सगळीकडे हेच. यात पैसे वाचतात ते वाचतातच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कोणता कंत्राटदार काम अर्धे टाकून पळाला हे पुढच्या इमारतीला वेळेत कळते.

माणसांचीही देवाणघेवाण होते. एका सोसायटीत निवृत्त इंजिनीअर असतो, दुसरीत बँकेतून निवृत्त झालेल्या बाई, तिसरीत सहकार खात्यात आयुष्य घालवलेले गृहस्थ. स्वतःच्या सोसायटीत त्यांना कोणी विचारत नाही, कारण पार्किंगवरून भांडण झालेले असते. शेजारच्या सोसायटीत मात्र त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकले जाते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर २५० पर्यंत सभासद असलेल्या संस्थांना आपली निवडणूक आपणच घेण्याची मुभा मिळाली. अशा निवडणुकीत, नियम पाहून, शेजारचा जाणकार माणूस देखरेखीला बसवला तर अर्ध्या तक्रारी जागीच मिटतात. सभासद हस्तांतराचे अधिमूल्य २५,००० रुपयांच्या वर नको, भाड्याने दिलेल्या सदनिकेवरचे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर नको, या मर्यादा २००१ पासून लागू आहेत. तरीही कित्येक कमिट्यांना त्या माहीत नसतात, किंवा माहीत असून चालत नाहीत. बाहेरच्याने सांगितल्यावर त्या चटकन पटतात, हा मनुष्यस्वभाव आहे.

जिथे एकट्याचा खरोखर कस लागतो, तो विषय म्हणजे मानीव अभिहस्तांतरण, सगळ्यांच्या तोंडी ‘डीम्ड कन्व्हेयन्स’. १९६३ च्या मोफा कायद्याने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून देण्याचे बंधन बिल्डरवर घातले. ते पाळले गेले नाही. वर्षानुवर्षे लोक राहत राहिले, कर भरत राहिले, आणि प्रॉपर्टी कार्डावर नाव मात्र जुन्या जमीनमालकाचे किंवा बिल्डरचे राहिले. २००८ च्या दुरुस्तीने बिल्डरच्या सहीवाचूनही सक्षम प्राधिकाऱ्याकडून हस्तांतरण मिळवण्याचा मार्ग खुला झाला. एकच भूखंड आणि एकच इमारत असेल तर हा मार्ग लांब असला तरी सरळ आहे. अडचण येते ती एका लेआउटमध्ये पाच-सात सोसायट्या असतात तेव्हा. मंजूर नकाशा एक, सर्व्हे नंबर एक, आणि मधला रस्ता, मोकळी जागा, उरलेला चटई निर्देशांक यांच्यावर सगळ्यांचा डोळा. ‘अ’ इमारत आपल्या वकिलामार्फत अर्ज करते आणि बागेच्या कोपऱ्यापर्यंत हिस्सा मागते. ‘ब’ला हे नोटीस आल्यावर कळते आणि ती हरकत घेते. बिल्डरला काहीच करावे लागत नाही. सोसायट्याच एकमेकींना अडवून धरतात, आणि त्याच्या पडून असलेल्या बांधकाम हक्काला मुदतवाढ मिळते.

अशा वेळी सर्व सोसायट्यांनी आधी एका खोलीत बसणे हा भाबडा सल्ला वाटेल, पण तोच व्यवहारी आहे. एकच वास्तुविशारद नेमावा. त्याने संपूर्ण लेआउटचा क्षेत्रफळ तक्ता काढावा: प्रत्येक इमारतीखालची जमीन किती, सामाईक जागेतला अविभाज्य हिस्सा किती. त्या तक्त्यावर सगळ्या कमिट्यांनी सह्या कराव्यात, सर्वसाधारण सभांत ठराव करावेत, आणि अर्ज एकाच सुमारास दाखल करावेत. इंडेक्स टू, प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशे यांचा एकच संच सर्वांना चालतो, खर्च विभागला जातो. मुख्य म्हणजे सुनावणीत एकमेकांविरुद्ध उभे राहण्याची वेळ येत नाही. हे झाल्याशिवाय पुनर्विकासाच्या गोष्टी करण्यात अर्थ नाही. राज्य सरकारने १३ सप्टेंबर २०१९ च्या निर्णयाने स्वयंपुनर्विकासाला प्रोत्साहन दिले, सहकारी बँका त्यासाठी कर्ज द्यायला पुढे आल्या. पण जमीनच नावावर नसेल तर बँकेपुढे ठेवायचे काय? म्हाडाच्या जुन्या वसाहतींत, चेंबूरच्या टिळकनगरपासून विक्रोळीच्या कन्नमवारनगरपर्यंत, इमारती एकेकट्या पाडून उंच होत गेल्या. रस्ते, गटारे आणि मैदाने मात्र पूर्वीएवढीच राहिली. एकत्र बसून नकाशा पाहण्याचा प्रश्न तिथे वकिलाचा नाही, राहण्याचा आहे.

पाण्याचा तर आणखीच. पुण्याच्या आणि पिंपरी-चिंचवडच्या कडेच्या भागांत बांधकामाची परवानगी देताना महापालिकेचे पाणी येईपर्यंत पाणी पुरवू असे हमीपत्र बिल्डरकडून घेतले जाते. इमारत सोसायटीच्या ताब्यात आली की ते हमीपत्र कुठल्याशा फायलीत राहते आणि टँकरचे बिल मेंटेनन्समध्ये येते. एप्रिल-मे महिन्यांत टँकरवाला जास्त देणाऱ्याकडे वळतो. शेजारच्या सोसायटीने दर वाढवला की आपल्यालाही वाढवावा लागतो, म्हणजे तहानलेले एकमेकांवर बोली लावतात. एकत्रित करार केला की निदान ही बोली थांबते. पण मूळ प्रश्न नळाचा आहे, आणि तो दरपत्रकाने सुटत नाही. वाघोली, पिंपरी-चिंचवड अशा भागांतल्या सोसायट्यांच्या संघटनांनी एकत्र येऊन मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. २०२३ मध्ये न्यायालयाने पुणे विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायला लावली. टँकर त्यानंतरही धावत आहेत. पण हमीपत्रे कोणी दिली, पाणी कोणाच्या वाट्याचे, हे प्रश्न दोन महापालिका आणि एक प्राधिकरण यांना एकाच टेबलावर बसून ऐकावे लागले. हे एका सोसायटीच्या पत्राने कधीच झाले नसते. दिल्लीत २००५ मध्ये वीजदर दहा टक्क्यांनी वाढले तेव्हा वसाहतींच्या संघटनांनी मिळून वाढीव रक्कम भरायला नकार दिला आणि सरकारला वाढ मागे घ्यावी लागली. संख्या मोठी असली की अर्जाची भाषा तीच राहूनही तिचे वजन बदलते.

कधी कधी एकाच सोसायटीच्या लढ्याचे फळ सगळ्यांना मिळते. सभासदांकडून घेतलेल्या बिनभोगवटा शुल्कावर आणि हस्तांतर अधिमूल्यावर आयकर लागतो का, हा वाद अनेक वर्षे चालला. व्यंकटेश प्रिमायसेस या संस्थेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये परस्परतेच्या तत्त्वावर तो लागत नाही असे ठरवले. आज राज्यातल्या हजारो सोसायट्यांचे लेखापरीक्षक या निकालाचा आधार घेतात, त्यातल्या बहुतेकांना त्या संस्थेचा पत्ताही माहीत नाही. असे खटले चालवायचा खर्च दर वेळी एकाच कोणावर पडू नये, यासाठी सामाईक कायदा निधी असावा, हे या पुस्तकातले मला सर्वांत पटलेले प्रकरण आहे.

कचऱ्याचा विषय थोडक्यात आटोपतो, कारण त्यावर भरपूर लिहिले गेले आहे. मुंबई महापालिकेने २०१७ च्या ऑक्टोबरपासून वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा दिवसाला शंभर किलोहून अधिक कचरा होणाऱ्या संकुलांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितले. छोट्या सोसायट्यांकडे जागा नसते, मोठीकडे असते. जागा एकीची आणि वर्गणी सगळ्यांची, हे गणित जमते. फक्त वासाची तक्रार पहिल्या पावसात येते हे आधीच मान्य करून ठेवावे.

एवढे फायदे असूनही या संघटना का मोडतात? पैशाने मोडतात असे म्हणतात. मला तसे वाटत नाही. वर्षाला सदनिकेमागे चहाच्या दोन कपांइतकी वर्गणी कोणी नाकारत नाही. त्या मोडतात एका माणसामुळे. एक उत्साही गृहस्थ सगळे करतात, सगळे नंबर त्यांच्याच फोनमध्ये असतात, महापालिकेतली ओळख त्यांची, पत्रव्यवहार त्यांच्या ईमेलवर. मग त्यांचे गुडघ्याचे ऑपरेशन होते, किंवा ते मुलाकडे ऑस्टिनला जातात, किंवा एखादा पक्ष त्यांना तिकिटाचे गाजर दाखवतो. तिसरी शक्यता सर्वांत घातक. निवडणुकीच्या तोंडावर संघटनेच्या फलकावर एकाच पक्षाच्या नेत्याचा फोटो झळकला की दुसऱ्या दिवशी निम्म्या सोसायट्या ग्रुपमधून बाहेर पडतात. दुसरे कारण मोठ्या संकुलांचा वरचष्मा. सहाशे फ्लॅटची टाउनशिप आणि बारा फ्लॅटची जुनी इमारत एकाच सभेत बसली की टाउनशिपला वाटते आपलेच ऐकले जावे. माझ्या मते वर्गणी सदनिकांच्या संख्येवर घ्यावी, मत मात्र प्रत्येक संस्थेला एकच असावे. टाउनशिपवाले कुरकुर करतील. करू द्यावी. तुंबलेला नाला दोघांच्याही दारात येतो.

आणखी एक गोष्ट लिहिली नाही तर ही प्रस्तावना अपुरी राहील. सोसायट्या एकत्र आल्या की त्यांची ताकद कोणाविरुद्ध वापरली जाते, हे पाहावे. पाण्यासाठी वापरली तर उत्तम. पण बऱ्याच ठिकाणी पहिला सामाईक ठराव असतो तो फेरीवाले हटवण्याचा, दुसरा असतो घरकामाला येणाऱ्या बायकांचे दर ठरवून टाकण्याचा, ‘म्हणजे कोणी जास्त देऊन बिघडवू नये’. लिफ्ट कंपनीशी बोलणी करताना आपण जे करतो तेच इथे करतो आहोत असे वाटते. तसे नाही. लिफ्ट कंपनीकडे वकील असतो, धुणीभांडी करणाऱ्या बाईकडे नसतो. दहा फाटकांचे मिळून एक मोठे फाटक बांधायचे असेल तर त्यासाठी पुस्तक लिहायची गरज नव्हती. शेजारच्या वस्तीत रात्री दोन वाजता पाणी येत असेल, तर जलवाहिनीच्या मागणीपत्रावर त्या वस्तीचेही नाव असावे. त्यात भूतदया नाही. पाइप एकच आहे, आणि वॉर्ड ऑफिसरला सोसायट्यांपेक्षा मतदारसंख्या जास्त समजते.

पुढची प्रकरणे क्रमाने वाचायची गरज नाही. ज्यांच्या डोक्यावर कन्व्हेयन्सची टांगती तलवार आहे त्यांनी ते प्रकरण आधी वाचावे, ज्यांच्याकडे उन्हाळा आला आहे त्यांनी पाण्याचे. सप्टेंबरअखेरपर्यंत आपली वार्षिक सर्वसाधारण सभा होईलच. तिच्या विषयपत्रिकेत एक विषय वाढवा: शेजारच्या संस्थांशी समन्वय ठेवण्यासाठी दोन प्रतिनिधी नेमणे. त्यातला एक तरी विद्यमान कमिटीबाहेरचा असू द्या, म्हणजे निवडणुकीत कमिटी बदलली तरी धागा तुटणार नाही. आणि सभा झाल्यावर इतिवृत्त लिहून होण्याची वाट न पाहता शेजारच्या सेक्रेटरीला फोन करा. त्यांच्या लिफ्टचा दर विचारा, आपला सांगा.